गिरगावात जमीन एकाची, चाळ दुसऱ्याची, खोली तिसऱ्याची

गिरगावातल्या कुठल्याही जुन्या चाळीत पुनर्विकासाचा विषय काढा, पागडी, सेस, मालक आणि बिल्डर हे चार शब्द हमखास कानावर येतात. तिथला प्रत्येक जण ते रोज वापरतो. पण महिन्याला काही शे रुपये भाडं भरणाऱ्या माणसाला नव्या टॉवरमध्ये मालकीचा फ्लॅट का मिळतो, आणि मालक स्वतःचीच इमारत दुरुस्त का करत नाही, हे बाहेरच्याला समजावताना भलेभले अडखळतात. याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकापेक्षा नारळाच्या बागांपासून शोधायला लागलेलं बरं.

त्याआधी नेहमीचा एक घोटाळा निस्तरू. गिरगाव आणि गिरणगाव एक नव्हे. गिरण्या लालबाग, परळ, वरळीकडे. गिरगाव दक्षिणेला, चौपाटी आणि काळबादेवीच्या मधलं. इथली वस्ती मुख्यतः कारकून, शिक्षक, वकील, वैद्य-डॉक्टर, छापखानेवाले, छोटे दुकानदार यांची. दोन्हीकडे चाळी आहेत, पण त्यांचा जन्म वेगवेगळ्या कारणांनी झाला.

अठराव्या शतकात मुंबई शहर म्हणजे कोटाच्या, म्हणजे आजच्या फोर्टच्या, भिंतीआतली वस्ती. बाहेर मोकळं मैदान, आणि त्याच्या पलीकडे बॅक बेच्या किनाऱ्याला समांतर नारळी-पोफळीच्या बागा. या बागांना वाडी किंवा भाट म्हणत. गिरगावच्या पत्त्यांवरून नजर टाकली तरी बागायत दिसते: फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, मुगभाट, बोरभाट. बागांचे मालक बरेचसे पाठारे प्रभू, शिवाय इतर जुनी मुंबईकर घराणी. खोताची वाडी ही दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांची. त्यांनी जागेचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना दिले आणि लाकडी जिन्यांची, व्हरांड्यांची ती टुमदार घरं उभी राहिली. एके काळी अशी सुमारे ६५ घरं होती. आता निम्मीही उरलेली नाहीत.

बाग ही खासगी मिळकत. तिला रस्त्याच्या बाजूनं एक तोंड, आत जायला पायवाट आणि टोकाला शेजाऱ्याची हद्द. पुढे बागेत घरं झाली तेव्हा ती पायवाटच गल्ली झाली. म्हणून गिरगावातल्या कितीतरी वाड्यांत आत शिरायला वाट आहे, पलीकडे निघायला नाही. कोणा नगररचनाकारानं ही गल्ली आखलेली नाही. झाडांना पाणी घालायला जिथून माणूस चालत जायचा, तिथून आज अग्निशमन दलाची गाडी न्यायची आहे. पुनर्विकासाचे निम्मे प्रश्न त्या रुंदीत अडकले आहेत.

मालकीचा पहिला थर इथेच तयार झाला. मुंबईत फझेंदारी नावाची जुनी पद्धत होती. जमिनीचा मालक तो फझेंदार. तो आपली जागा दुसऱ्याला कायमस्वरूपी वापरायला द्यायचा आणि वर्षाला ठरावीक, नाममात्र जमीनभाडं घ्यायचा. वर बांधलेलं घर त्या दुसऱ्याचं. म्हणजे भाडेकरू नावाचा प्राणी अजून आलेलाही नाही, तोवरच जमीन एकाची आणि बांधकाम दुसऱ्याचं अशी फाळणी झालेली. आजही काही मिळकतींच्या कागदांवर फझेंदाराचा उल्लेख सापडतो आणि बिल्डरचा वकील कपाळाला हात लावतो.

बागेची चाळ होते

१८०३ साली कोटात मोठी आग लागली, त्यानंतर वस्ती उत्तरेकडे सरकू लागली. पण गिरगाव खऱ्या अर्थानं भरलं ते १८६० नंतर. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६४ च्या गणनेत शहराची लोकसंख्या ८ लाख १६ हजारांवर गेली. त्याच दशकात कोटाच्या भिंती पडल्या, बॅक बेच्या कडेनं रेल्वे आली, विहारचं पाणी नळातून येऊ लागलं. कोकणातून बोटीनं आणि घाटावरून रेल्वेनं येणाऱ्या माणसाला फोर्टातल्या कचेरीत चालत जाता येईल अशी जागा हवी होती. गिरगाव नेमकं त्या अंतरावर होतं.

बागेच्या मालकानं हिशेब केला. नारळापेक्षा माणसं जास्त उत्पन्न देतात. काहींनी स्वतः चाळी बांधल्या, काहींनी जागा व्यापाऱ्यांना दिली आणि त्यांनी बांधल्या. पद्धत ठरलेली: दगडी जोतं, विटांच्या भिंती, सागाचे खांब आणि तुळया, त्यावर लाकडी तक्तपोशी, वर कौलं. एका लांब सज्जावर ओळीनं खोल्या, खोलीच्या कोपऱ्यात मोरी, टोकाला सामाईक संडास. पुष्कळदा पुढची खोली आणि मागे स्वयंपाकघर अशा दोन खणांचं बिऱ्हाड. बागेची हद्द अरुंद आणि लांब, म्हणून चाळीही अरुंद आणि लांब. मधे उरला तो चौक.

त्या चौकाचं गिरगावनं काय केलं, हे मात्र कोणत्याही मालकाच्या हिशेबात नव्हतं. १८९३ साली केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. १९०१ मध्ये लोकमान्य टिळक तिथे येऊन गेले. आसपास संस्थांचं जाळं विणलं गेलं. प्रार्थना समाजाची स्थापना १८६७ ची, तिचं मंदिर इथलंच. बाहेरच्या नाक्यालाही तेच नाव पडलं. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ चा, कोलभाट गल्लीतला. दादासाहेब फाळक्यांचा पहिला मूकपट ३ मे १९१३ रोजी लोकांसमोर आला तो गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात. केळेवाडीतला मुंबई मराठी साहित्य संघ १९३५ चा. दीड-दोन किलोमीटरच्या पट्ट्यात एवढं सगळं जमलं त्याचं कारण अगदी व्यावहारिक आहे. घर लहान असलं की माणूस बाहेर बसतो, आणि इथे शिकलेली, पगारदार, संध्याकाळी मोकळी असलेली माणसं हाकेच्या अंतरावर राहत होती.

दाटीची किंमतही मोजावी लागली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेगचा पहिला रोगी सापडला आणि पुढची काही वर्षं शहर हादरलं. सरकारनं १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्तीतून रुंद रस्ते कापून समुद्राचा वारा आत आणायचा, ही त्याची कल्पना. डोंगरीपासून गिरगाव चौपाटीपर्यंत जाणारा सँडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल रोड, त्यातूनच झाला. ट्रस्टचा एक नियम मला अजून पटतो. खोलीच्या पायाशी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनातून तरी आकाश दिसलं पाहिजे. सोप्या भाषेत, समोरची इमारत दोन फूट उंच असेल तर मधे एक फूट मोकळी जागा सोडा. आजच्या कितीतरी टॉवरांच्या मधल्या अंतराला हा नियम लावून बघा, म्हणजे शंभर वर्षांत आपण कुठे आलो ते कळेल. गिरगावच्या आतल्या वाड्यांना मात्र ट्रस्टनं फारसं हलवलं नाही. त्या बागेच्या हद्दीतच राहिल्या.

भाडं गोठलं ते कसं

आता दुसरा थर, मालक आणि भाडेकरू यांचा.

पहिल्या महायुद्धात मुंबईत घरभाडी भडकली म्हणून १९१८ मध्ये पहिला भाडेनियंत्रण कायदा आला. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर पुन्हा एक, आणि स्वातंत्र्याच्या वर्षी १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा. त्याचा गाभा असा: १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं ते ‘प्रमाण भाडं’, मालकानं त्याहून जास्त घ्यायचं नाही, आणि ठरावीक कारणांशिवाय भाडेकरूला काढायचं नाही. युद्ध, मग फाळणी, शहरात लोंढे येत होते. तेव्हा हा कायदा नसता तर निम्म्या गिरगावाला बिऱ्हाड सोडावं लागलं असतं. तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत पन्नास वर्षं चालला, आणि गडबड तिथे झाली.

आकडे मांडून बघू. समजा १९४० मध्ये एका खोलीचं भाडं १२ रुपये आणि चाळीत ४० खोल्या. मालकाच्या हातात महिन्याला ४८० रुपये. १९८० साली भाडं तेच, पण साग, सिमेंट आणि गवंड्याची मजुरी १९४० ची राहिलेली नाही. सज्जाचा एक कुजलेला खांब बदलायचा तर कित्येक महिन्यांचं भाडं त्यात जातं. मालक दुरुस्ती का करेल? त्यानं केली नाही. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं की भाडं असं गोठवून ठेवणं आता अन्यायाचं झालं आहे. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ घेता येते. पंचवीस वर्षं अशी वाढ धरली तरी आपले १२ रुपये तीस-पस्तीसच्या पुढे जात नाहीत. पावतीवर काही शे रुपये दिसतात ते कर, सेस आणि पाणीपट्टी मिळून.

पागडी इथून फुटली. भाडं वाढवता येत नाही, पण खोलीला बाजारात किंमत आहे. मग नव्या भाडेकरूनं आधी एक मोठी रक्कम द्यायची आणि नंतर नाममात्र भाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहायचं. खोली सोडून जाणारा भाडेकरू पुढच्याकडून पागडी घेतो आणि त्यातला तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त मालकाला देतो, तेव्हा पावती नव्या नावावर होते. १९४७ च्या कायद्यानं हा व्यवहार गुन्हा ठरवला होता. तो राजरोस चालायचा आणि रोखीत चालायचा. १९९९ च्या कायद्यानं तो मान्य केला. पागडीवाला म्हणूनच चमत्कारिक जागी उभा असतो. कायद्याच्या लेखी तो भाडेकरू, पण त्यानं किंवा त्याच्या वडिलांनी जवळजवळ घर विकत घेण्याएवढे पैसे मोजलेले. ‘फुकट राहतात’ असं त्यांच्याबद्दल बोलणाऱ्यांना हा अर्धा इतिहास माहीत नसतो.

टेकूचं अर्थशास्त्र

लाकडी चाळ सहसा मधून मोडत नाही. सागाची तुळई मधे शंभर वर्षं टिकते. कुजते ती तिच्या टोकाला, जिथे ती भिंतीत शिरते. त्या भिंतीमागे मोरी किंवा संडासाचा नळ असतो. गळती हळू असते, ओल आत मुरते, वाळवी लागते, आणि वरून गिलावा व रंग असल्यामुळे काही दिसत नाही. एक दिवस सज्जा दोन बोटं खाली आलेला दिसतो. मग तुळईखाली लोखंडी किंवा लाकडी टेकू लागतात, कुजलेल्या तुळईच्या जागी लोखंडी गर्डर येतो. गर्डर बसवताना जुनी भिंत फोडावी लागते, आणि ती आधीच भुसभुशीत. टेकू चार महिन्यांसाठी लावलेले असतात. पोरं त्यांना दोऱ्या बांधून कपडे वाळत घालायला शिकतात, इतके ते टिकतात.

इमारती पडायला लागल्यावर सरकारनं १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा केला. बेट शहरातल्या, म्हणजे उपनगरं सोडून मूळ मुंबईतल्या, जुन्या खासगी भाड्याच्या इमारतींवर एक उपकर बसवायचा, तोच सेस, आणि त्यातून मंडळानं दुरुस्ती करायची. अशा १९,६४२ इमारती होत्या. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या ‘अ’, १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’, ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’. सोळा हजारांहून जास्त इमारती ‘अ’ गटातल्या, गिरगावच्या बहुतेक चाळी त्यातच. पुढे हे मंडळ राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचा, म्हणजे म्हाडाचा भाग झालं. सेसचा बराचसा भार भाडेकरूवर पडला, म्हणजे इमारत मालकाची, दुरुस्ती मंडळाची आणि पैसे भाडेकरूचे. तिसरा थर चढला तो असा.

१९८६ मध्ये आणखी एक पाऊल पडलं. ७० टक्के भाडेकरूंनी सहकारी संस्था करून मागणी केली तर मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम मालकाला देऊन इमारत संपादित करता येईल, अशी तरतूद म्हाडा कायद्यात घातली गेली. १२ रुपयांच्या शंभर पट म्हणजे १२०० रुपये खोलीमागे! मालकांच्या संघटनेनं न्यायालय गाठलं. खासगी मिळकत ही ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ मानता येईल का, हा घटनेचा प्रश्न त्यातून निघाला आणि नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे गेला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमतानं उत्तर आलं: प्रत्येक खासगी मिळकत तशी मानता येणार नाही. देशभर गाजलेल्या या निकालाचं मूळ मुंबईच्या सेसच्या इमारतींत आहे, हे बातम्या वाचणाऱ्या कितीजणांच्या लक्षात आलं कोण जाणे.

टॉवर का उभे राहतात

दुरुस्तीनं भागेना तेव्हा १९९१ च्या विकास नियमावलीत ३३(७) हे कलम आलं. कल्पना अशी: बिल्डरनं चाळ पाडायची, सगळ्या भाडेकरूंना फुकट मालकीची घरं द्यायची, आणि त्याचा खर्च भागावा म्हणून त्याला जादा चटईक्षेत्र, म्हणजे भूखंडाच्या मानानं जास्त बांधकाम, बांधून विकू द्यायचं. सध्याच्या नियमांनुसार रहिवाशाला किमान ३०० चौरस फूट कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा, मिळतं, मग त्याची खोली १२० फुटांची का असेना. भूखंडाच्या तिप्पट बांधकाम, किंवा पुनर्वसनाला लागणारं क्षेत्र आणि त्यावर ५० टक्के प्रोत्साहन, यातलं जे जास्त ते. लगतच्या इमारती एकत्र आल्या तर प्रोत्साहन वाढतं.

यातला डाव नीट पाहा. खोल्या जितक्या लहान आणि जितक्या जास्त, तितकं पुनर्वसनाचं क्षेत्र मोठं, आणि त्याच्या प्रमाणात बिल्डरचं विक्रीचं क्षेत्रही मोठं. म्हणून गजबजलेली चाळ त्याला परवडते. चार प्रशस्त बिऱ्हाडांची देखणी दुमजली इमारत बेवारशासारखी पडून राहते. आणि भूखंड बागेच्या मापाचा, अरुंद. एवढं बांधकाम त्यावर आडवं पसरायला जागाच नाही, तेव्हा ते उभं जातं. खाली पाच-सात मजले पार्किंग, वर घरं. गिरगावचे टॉवर काडीसारखे का दिसतात, याचं कारण जुन्या कुंपणात आहे.

याला उपाय म्हणून ३३(९), समूह पुनर्विकास. बेट शहरात किमान ४,००० चौरस मीटर जागा एकत्र करा आणि भूखंडाच्या चौपट चटईक्षेत्र घ्या. आतले रस्ते रुंद करा, मैदान सोडा. कागदावर हे गिरगावसाठीच बेतलेलं वाटतं. प्रत्यक्षात ४,००० चौरस मीटर जमवायला पाच-सहा मालक, दोन-तीन विश्वस्त संस्था, एखादं देऊळ आणि शेकडो भाडेकरू एका टेबलाशी बसवावे लागतात. एका वाडीतल्या दोन चाळींचं गणेशोत्सवाच्या वर्गणीवरून जमत नाही, तिथे हे अवघडच.

मेट्रो ३ नं ते जबरदस्तीनं घडवून आणलं, निदान एका तुकड्यापुरतं. गिरगाव आणि काळबादेवीच्या भुयारी स्थानकांसाठी रस्त्यालगतच्या जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. रहिवाशांनी आग्रह धरला की पुनर्वसन इथेच, चेंबूर-मानखुर्दला नाही, आणि ते मान्य झालं. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण मार्ग सुरू झाला. स्थानक पायाशी आल्यावर जागेचे भाव कुठे जातात, ते सांगायला नको.

रखडलेल्या चाळींसाठी अलीकडे म्हाडा कायद्यात बदल झाला आहे. इमारत धोकादायक ठरली की मालकाला प्रस्ताव द्यायला सहा महिने, त्यानं दिला नाही तर रहिवाशांच्या संस्थेला सहा महिने, तेही जमलं नाही तर म्हाडानं इमारत ताब्यात घ्यायची. मालकांना अर्थातच हे रुचलेलं नाही.

रहिवाशाला दोन गोष्टींची काळजी असते. नव्या घराचा महिन्याचा देखभाल खर्च हा पहिला घोर. लिफ्ट, पंप, पार्किंगची यंत्रणा, सुरक्षारक्षक धरून तो काही हजारांत जातो, आणि निवृत्तिवेतनावरच्या माणसाला तो झेपत नाही. म्हणून बिल्डरशी बोलणी करताना कॉर्पस फंडावर, म्हणजे देखभालीसाठी बिल्डरनं द्यायच्या एकरकमी पैशांवर, रहिवासी अडून बसतात ते बरोबरच असतं. दुसरी काळजी कागदांची. भाडेपावत्यांची फाइल, सेस भरल्याच्या नोंदी, खोलीचं मोजमाप, महापालिकेचा निरीक्षण उतारा आणि दुरुस्ती मंडळाच्या प्रमाणित यादीतलं नाव. यादीत नाव नसेल तर बाकीचं सगळं असूनही पात्रता लटकते.

आणि शेवटचा थर खोलीच्या आतच असतो. पावती आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन तीस वर्षं झालेली. गिरगाव सोडून एक भाऊ पार्ल्याला गेला, दुसरा डोंबिवलीला, बहीण लग्न होऊन पुण्याला. धाकटा आईवडिलांजवळ राहिला. घराच्या इस्टेटीसारखे चार वाटे करायचे असं बाकीच्यांना वाटतं. पण भाडेहक्काचा नियम वेगळा आहे. भाडेकरू वारला तर हक्क आधी जातो तो मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे. असं कोणीच नसेल तरच वारसांचा विचार होतो. खोलीचं भाडं तीस रुपये होतं तोवर कुणी विचारलं नव्हतं. तीनशे फुटांच्या फ्लॅटचं पत्र हातात पडलं की डोंबिवलीच्या भावाला वकील आठवतो. धाकट्यानं रेशन कार्ड, मतदार यादी आणि विजेची जुनी बिलं जपून ठेवली असतील तर त्याची बाजू टिकते.